बाइकचा करंट गेलाय? पार्ट बदलण्याआधी घरी काय काय मोजायचं

स्पेअर पार्टच्या बहुतेक दुकानांत काउंटरमागे एक पाटी असते: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. ही पाटी लक्षात ठेवून पुढचं वाचा. गाडी किक मारून मारून दमवते, सेल्फ दाबला की नुसतं 'टक' होतं, किंवा चालता चालता बंद पडते, आणि गॅरेजमधून ठरलेलं निदान येतं: "सीडीआय गेला." सीडीआय म्हणजे स्पार्क केव्हा पडायचा ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी. ती बदलली, गाडी तशीच. मग एचटी कॉइल, म्हणजे प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉइल. मग 'मॅग्नेट खोलावं लागेल', म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा मॅग्नेटो. माझ्या गाडीवर एका गॅरेजने सीडीआय आणि कॉइल दोन्ही बदलून झाल्यावर दोष सापडला तो हँडलखालच्या वायरीत. वरचं आवरण धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. हँडल डावीकडे वळवलं की करंट गायब, सरळ केलं की हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

घरच्या घरी दोष शोधणं अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो: फुकटचं आणि सोपं आधी, महागडं सगळ्यात शेवटी. इथे लिहिलंय ते मुख्यतः कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी, म्हणजे जुनी स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, पल्सर, शाइन, युनिकॉर्न वगैरे. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ इंजेक्शनवाल्या गाड्यांबद्दल शेवटाकडे वेगळं सांगतो.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर सगळ्यात महत्त्वाचा. साधा चालेल, फक्त कंटिन्युइटीला (वायर अखंड आहे का ते बघताना) 'बीप' वाजणारा घ्या. वायर हलवत असताना डोळे वायरीवर ठेवता येतात. टेस्ट लॅम्प घरीच बनवा: इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हात-हातभर वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. हा बल्ब पुढे मल्टिमीटरपेक्षाही कामाला येणार आहे. शिवाय प्लग पाना (आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना १६ मिमीचा लागतो), ८ आणि १० नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (प्लगची गॅप मोजायच्या पत्र्या), बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, पेट्रोलियम जेली, टेप आणि योग्य अँपिअरचे दोन-तीन जादा फ्यूज. एक चांगला, चालू असलेला जुना प्लगही जपून ठेवा.

कागदांपैकी गाडीचं ओनर मॅन्युअल, बॅटरीचं वॉरंटी कार्ड बिलासकट, आणि मिळाला तर तुमच्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. होंडा आणि हिरो होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थ (बॉडीला जोडलेली, म्हणजे मायनस) असते, लाल थेट बॅटरीची, काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस. बजाजच्या बऱ्याच गाड्यांत काळी-पिवळी अर्थ आणि तपकिरी चावीनंतरचा प्लस. आता गंमत बघा: तीच काळी-पिवळी होंडा घराण्यात एचटी कॉइलला जाते, आणि सीडीआय तिच्यात शंभरच्या वर व्होल्ट सोडतो. मित्राच्या गाडीचा रंग पाठ करून आपल्या गाडीत हात घालू नका.

कोणताही कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना आधी प्लस. पेसमेकर बसवलेल्या माणसाने स्पार्कच्या चाचण्या स्वतः करू नयेत.

१. आधी ठरवा: करंट गेलाय की पेट्रोल?

गाडी कशी बंद पडली हे आठवा. चावी काढल्यासारखी एकदम गेली, तर बहुधा करंट. आचके देत, रेस सोडत, दम तोडत गेली तर बहुधा पेट्रोल. बंद पडताना मीटरचे दिवेही गेले असतील तर इग्निशन सोडाच, फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल किंवा चावीचा स्वीच बघा.

एक चकवा इथेच आहे. पेट्रोल टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही, गाडी पाच-सात किलोमीटरवर बंद पडते आणि थोडं थांबल्यावर आपोआप चालू होते. लक्षण हुबेहूब 'कॉइल तापून जाते' असं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर मल्टिमीटर परत डब्यात ठेवा.

प्लग काढून बघितला तरी बरंच कळतं. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. ठणठणीत कोरडं असेल तर पेट्रोलच येत नाही. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी), एअर फिल्टर बुजलेला किंवा स्पार्क अशक्त. फिकट विटकरी रंग म्हणजे ठीक.

२. फुकटच्या तपासण्या

ही पायरी लोक लाजेने गाळतात. किल स्वीच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. पार्किंगमध्ये येता-जाता पोरं दाबून जातात. तो दहा-बारा वेळा इकडून तिकडे करा, आतला गंज घासला जातो. साइड स्टँड सेन्सर असलेल्या गाडीत स्टँड नीट वर जातोय का आणि सेन्सरला चिखल चिकटलाय का ते पाहा. न्यूट्रलचा दिवा लागतोय का? क्लच दाबून फरक पडतो का?

मग फ्यूज. काढून उजेडात धरला की तार अखंड वाटते, पण पायाशी तडकलेली असू शकते, म्हणून बीपवर तपासाच. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तांब्याची तार घालणारे महाभाग आहेत. तशी तार दिसली तर आधी ती काढा: पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

३. बॅटरी

गाडी तीन-चार तास बंद राहिल्यावर मोजा. चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगवून दिसतो. मीटर डीसी २० व्होल्टवर. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

पण नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका, भार टाकून बघा. प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) टर्मिनलला धरून ठेवा आणि सेल्फ दाबा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी अशक्त आहे. आता तीच चाचणी प्रोब टर्मिनलच्या शिशाच्या बुंध्यावर टेकवून आणि नंतर वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवून करा. दोन्हींत फरक आला तर बॅटरी चांगली आहे, सांधा खराब आहे. पांढरट-हिरवट फूल आलेलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. नवी बॅटरी घ्यायला निघालेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर चालू होतात.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळीच्या रेघेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नाही, फिल्टरचं नाही, ॲसिड तर नाहीच. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका: ५ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीला अर्धा अँपिअर. चारचाकीच्या मोठ्या चार्जरवर 'तासाभरात फुल करून देतो' म्हणणाऱ्याकडे छोटी बॅटरी देऊ नका, आतल्या प्लेटा वाकतात.

४. स्पार्क बघणं

गाडी उघड्यावर, सावलीत घ्या. सांडलेलं पेट्रोल पुसा. प्लग काढा, कॅपमध्ये परत बसवा आणि प्लगची आट्यांची बाजू हेडच्या मोकळ्या धातूला घट्ट टेकवा. रंग किंवा गंज लागलेल्या जागी नाही, चकचकीत बोल्टवर. प्लगच्या भोकापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा, कारण किकबरोबर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग रबरी मुठीच्या पकडीने धरा. चावी ऑन, किल स्वीच ऑन, आणि दुसऱ्या कोणाला तरी किक मारायला सांगा.

निळसर-पांढरा, जाडसर, 'चट चट' आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा-तांबूस, केसासारखा बारीक, मध्येच गळणारा असेल तर तो अशक्त. बाहेर दिसणारा अशक्त स्पार्क आत, दाबाखाली, पडतच नाही हे ध्यानात घ्या.

प्लग हवेत लोंबकळता ठेवून किक कधीच मारू नका. करंटला अर्थकडे वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आतून वाट काढतो. तपासायला गेलात आणि चांगला पार्ट घालवून बसलात असं तिथेच होतं.

पल्सरसारख्या डीटीएस-आय गाड्यांना दोन प्लग असतात, २००-एनएसला तर तीन. यातला एक मेला तरी गाडी चालते, फक्त ओढ कमी होते, ॲव्हरेज पडतं, आयडल डळमळतं. लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात. इंजिन बंद करून एका बाजूची कॅप काढा, तिच्यात जादा प्लग बसवून तो हेडला पक्का अर्थ करा, मग गाडी चालू करा. झाली नाही तर दुसऱ्या बाजूचा प्लग किंवा त्याची कॉइल मेलेली आहे. मग बाजू बदलून तेच.

५. स्पार्क नाही? प्लगकडून मागे मागे जा

आधी तो चांगला जुना प्लग लावून बघा. गॅप फिलर गेजने मोजा, गाडीप्रमाणे ०.६ ते ०.९ मिमीच्या दरम्यान असते, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

मग कॅप. ती वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा. आत हिरवट भुकटी दिसली तर वायर साधारण एक सेंटिमीटर कापा, ताजं तांबं दिसू द्या आणि कॅप परत फिरवून घट्ट बसवा. फक्त वायर तेवढी कापायला पुरतेय ना, ते आधी बघा. रेझिस्टरवाली कॅप असेल तर दोन टोकांत साधारण ५००० ओहम येतात. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॅप गेली. सगळ्या साखळीतला हा जवळजवळ सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसवणाराही हाच.

एचटी कॉइल: प्रायमरीचा (कमी व्होल्टच्या बाजूचा) रोध फार कमी असतो, ओहमच्या अंशापासून चार-पाच ओहमपर्यंत. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा बघा आणि तो वजा करा. सेकंडरी, म्हणजे कॅप काढून वायरीच्या टोकापासून प्रायमरी किंवा बॉडीपर्यंत, काही हजार ओहम. कुठेही 'ओपन' आलं तर कॉइल गेली. आकडा बरोबर आला म्हणजे कॉइल चांगलीच असं मात्र नाही. आतला इन्शुलेशनचा दोष ओहममध्ये दिसत नाही. कॉइलचा बोल्ट चासीला जिथे बसतो ती जागाही घासून घ्या, बऱ्याच गाड्यांत तोच तिचा अर्थ असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुमचा सीडीआय एसी आहे की डीसी? एसी सीडीआयला वीज मॅग्नेटोमधल्या वेगळ्या कॉइलमधून मिळते, बॅटरी मेलेली असली तरी किकवर स्पार्क पडतो. जुनी स्प्लेंडर याच जातीची. डीसी सीडीआय बॅटरीवर चालतो. पल्सर आणि बऱ्याच नव्या गाड्या अशा. ओळखायचं कसं? इंजिन बंद असताना बॅटरीचा फ्यूज काढा, प्लग बाहेर हेडला टेकवा, किक मारा. स्पार्क पडला तर एसी. ही चाचणी अर्थातच स्पार्क कधीतरी पडत असेल तेव्हाच उपयोगाची, नाहीतर मॅन्युअल किंवा डायग्राम.

एसी असेल तर: या गाड्यांत चावी किंवा किल स्वीच बंद केला की एक वायर अर्थ होते आणि सीडीआय गप्प बसतो. होंडा घराण्यात ती काळी-पांढरी. ही वायर कुठे सोलून चासीला लागली, किंवा किल स्वीचमध्ये पाणी शिरलं, तर चावी ऑन असूनही सीडीआयला वाटतं गाडी बंद आहे. सीडीआयच्या कपलरमधून तेवढी एक वायर बाहेर काढा आणि किक मारा. स्पार्क आला? मग सीडीआय, कॉइल, मॅग्नेटो सगळं निर्दोष, भानगड स्वीचमध्ये किंवा त्या वायरीत. या अवस्थेत गाडी चालू झाली तर चावीने बंद होणार नाही हे आधीच लक्षात घ्या. ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून ती बंद पाडा.

डीसी असेल तर वरची युक्ती चालत नाही, कारण इथे किल स्वीच पुरवठाच तोडतो. चावी ऑन करून सीडीआयच्या कपलरवर, चावीनंतरच्या प्लस वायरीत मोजा: बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत. एक-दीड व्होल्ट कमी आले तर वाटेत कुठेतरी चावीचा स्वीच, किल स्वीच किंवा कपलर व्होल्ट खातोय. मग अर्थची वायर आणि बॅटरी मायनस यांच्यात बीप येतेय का पाहा.

मग पिकअप कॉइल, म्हणजे स्पार्कची वेळ सीडीआयला कळवणारी. गॅरेजमध्ये तिला पल्सर कॉइल म्हणतात, पल्सर गाडीशी संबंध नाही. मॅग्नेटोच्या कव्हरमधून येणारा छोटा कपलर सोडवा आणि रोध मोजा. काही गाड्यांत शंभर ओहमच्या आसपास, काहींत दोनशेच्या पुढे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून किक मारली तर आकडा किंचित हलला पाहिजे. एसी सीडीआयच्या गाडीत मॅग्नेटोतली सोर्स कॉइलही (सीडीआयला वीज देणारी) अशीच ओहमवर तपासा. कव्हर उघडलंच तर पिकअपच्या तोंडावर लोखंडी बुरा चिकटलाय का तेही बघून पुसा.

हे सगळं ठीक निघालं, तर आणि तरच सीडीआयकडे बोट दाखवा. तो घरच्या मीटरवर नीट तपासता येत नाही. विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या, चालू असलेल्या गाडीचा सीडीआय लावून बघा. आधीच तुमच्या कॉइल-वायरिंगमध्ये शॉर्ट नाही याची खात्री झालेली असली पाहिजे, नाहीतर मैत्री पणाला लागेल.

६. सेल्फ फिरत नाही

कान लावून ऐका. काहीच आवाज नाही: बटण, क्लच स्वीच, न्यूट्रल स्वीच, फ्यूज. एकच ठसठशीत 'टक': रिले (मोटारला करंट जोडणारा स्वीच) ओढतोय पण मोटारपर्यंत करंट जात नाही, किंवा मोटारचे ब्रश झिजलेत. 'टकटकटकटक': बॅटरी उतरलेली.

बॅटरी ठीक असेल तर अर्थ तपासा. मीटरचा एक प्रोब बॅटरी मायनसच्या बुंध्यावर, दुसरा इंजिनच्या मोकळ्या धातूवर, आणि सेल्फ दाबा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थची जाड वायर काढून दोन्ही टोकं घासा. तसंच प्लसच्या बाजूला: बॅटरी प्लस ते मोटारचं टर्मिनल. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा नट ढिले आहेत.

७. बॅटरी सारखी उतरते: चार्जिंग तपासा

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्या. गाडी चालू करून टर्मिनलवर मोजा. आयडलला आकडा जेमतेम असला तरी चालेल, रेस देऊन ४-५ हजार आरपीएमला साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट यायला हवेत. तेवढा चढलाच नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचे व्होल्ट आवरणारं) बिघडलं. बल्ब वरचेवर उडणं आणि बॅटरीचं पाणी आटणं ही त्याचीच लक्षणं.

चार्जिंग होत नसेल तर स्टेटर (मॅग्नेटोतल्या न फिरणाऱ्या, वीज देणाऱ्या कॉइली) आणि आरआर यांच्यातला कपलर उघडा. वितळून तपकिरी झालेला दिसला तर दोषाचा निम्मा शोध तिथेच लागला. तीन पिवळ्या वायरींच्या गाडीत कोणत्याही दोन वायरींत अगदी कमी आणि एकसारखा रोध हवा. कोणत्याही पिवळ्या वायरीत आणि इंजिन बॉडीत बीप येता कामा नये. मग गाडी चालू करून, मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून, तिन्ही जोड्यांत व्होल्ट मोजा. रेसबरोबर वाढले आणि तिन्हींत जवळपास सारखे आले तर स्टेटर ठीक, आरआर संशयित. एका जोडीत कमी आले तर स्टेटर जळलेला. जुन्या, साध्या मॅग्नेटोच्या गाड्यांत कॉइलचं एक टोक मुळातच अर्थ असतं, तिथे बॉडीशी बीप येणं हा दोष नाही.

जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो. आयडलला मंद, रेस दिली की लख्ख. ती रचनाच तशी आहे, त्यापायी बॅटरी बदलू नका.

चार्जिंग ठीक असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी करंट झिरपतोय. चावी बंद ठेवा, मायनस सोडवा, आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनस टर्मिनल व वायर यांच्या मध्ये जोडा. काही मिलिअँपिअर चालतील. त्याहून बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज, मग सायरन, जीपीएस, मोबाइल चार्जर असं बाहेरून लावलेलं एकेक काढत जा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ दाबलात तर मीटरचाच फ्यूज उडेल.

एक जुनी खोड: चार्जिंग होतंय का हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणं. त्याने व्होल्टेजचा झटका बसून डीसी सीडीआय, बल्ब किंवा ईसीयू (इंजेक्शनवाल्या गाडीचा इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जातो. कोणी कितीही छातीठोकपणे करून दाखवत असला तरी आपल्या गाडीवर करू देऊ नका.

८. फ्यूज सारखा उडतो

इथे तो घरी बनवलेला बल्ब काढा. एकामागून एक फ्यूज उडवत बसण्याऐवजी फ्यूज काढून टाका आणि त्याच्या दोन खाचांना बल्बच्या दोन क्लिप लावा. चावी ऑन करा, बाकी सगळे दिवे बंद. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, आणि तो मध्ये असल्यामुळे वायरिंग जळणार नाही. आता घाई नाही. सीटखालून सुरुवात करा, एक हात वायरिंगवर, नजर बल्बवर.

हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. टाकी उचलून खालची वायरिंग हलवा. मागच्या मडगार्डमधून टेललॅम्पकडे जाणाऱ्या वायरी ओढून बघा. मागच्या ब्रेकचा स्वीच दाबा. ज्या क्षणी बल्ब एकदम मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी तुमचा हात शॉर्टवर असतो. तिथली टेप सोला: बहुतेक वेळा चासीच्या धारेवर घासून सोललेली वायर, आणि समोरच्या रंगावर नखाएवढा काळा डाग. चावीनंतर लगेच पेटत नसेल तर एकेक गोष्ट चालू करा. ब्रेक दाबल्यावरच पेटला तर दोष ब्रेकलाइटच्या रस्त्यात. पण चांगला ब्रेकलाइटही या बल्बमधून करंट ओढतोच, त्यामुळे आधी ब्रेकलाइटचा बल्ब काढून घ्या. तरीही ब्रेक दाबल्यावर टेस्टचा बल्ब लख्ख पेटला, तर शॉर्ट.

सांधा करताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापा, सोल्डर करा, श्रिंक ट्यूब चढवा.

९. दिवे, हॉर्न, इंडिकेटर

हे पटकन उरकतं. इंडिकेटर भराभर लुकलुकतात: एक बल्ब गेलाय, किंवा एलईडी लावलेत आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) जुनाच आहे. हॉर्न घोगरा: हॉर्नच्या टर्मिनलवर, बटण दाबून व्होल्ट मोजा. व्होल्ट पूर्ण असतील तर हॉर्नचा स्क्रू, कमी असतील तर बटण. एक इंडिकेटर लावला की टेललॅम्पही लुकलुकतो: अर्थ गेलाय, करंट दुसऱ्या बल्बमधून वाट शोधतोय. जादा हॉर्न आणि फॉगलॅम्प रिलेशिवाय लावलेले असतील तर स्वीच जळण्याचं कारण वेगळं शोधायला नको. २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट बंद होत नाही म्हणून तक्रार करणारे अजून भेटतात. तो नियमानेच कायम चालू असतो.

१०. तापल्यावर किंवा पावसात बंद पडणारी गाडी

हा प्रकार माणसाला रडवतो, कारण गॅरेजला नेईपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते. तापून बंद पडत असेल (आणि टाकीचं झाकण निर्दोष असेल) तर पिकअप कॉइल, एचटी कॉइल, सीडीआय या क्रमाने संशय घ्या. पिकअपचा रोध थंड असताना लिहून ठेवा. मीटर आणि प्लग पाना बरोबर घेऊन फिरायला निघा, बंद पडली की तिथेच स्पार्क बघा आणि रोध पुन्हा मोजा. गरम असताना 'ओपन' दाखवून थंड झाल्यावर आकडा परत आला तर चोर सापडला. घरी हीच परीक्षा हेअर ड्रायरने घेता येते.

पावसात मिस मारणाऱ्या गाडीसाठी अंधार हवा. रात्री दिवे घालवून गाडी चालू ठेवा आणि कॅप, एचटी वायर, कॉइल यांच्यावर स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. जिथून करंट बाहेर पळतोय तिथे निळ्या ठिणग्या हेडकडे उड्या मारताना उघड दिसतात. कॅप किंवा वायर बदला, टेप गुंडाळून भागत नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर जूनआधी सीटखालचे आणि हेडलाइटमागचे सगळे कपलर एकदा उघडा, हिरवी झालेली पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, मग जोडा. प्रेशरने गाडी धुणाऱ्याला पाण्याचा फवारा कॉइलवर आणि स्वीचवर मारू नको असं आधीच सांगा.

११. बीएस-६ असेल तर

चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज येतो का ऐका. नसेल तर फ्यूज, रिले, किल स्वीच. गाडी आडवी पडली होती का? तसं असेल तर टिल्ट सेन्सरने इंजिन बंद केलेलं असू शकतं. गाडी सरळ उभी करून चावी बंद-चालू करा. इंजिनचा पिवळा दिवा चालू राहिला असेल तर आत दोषाचा कोड साठलाय, काही गाड्यांत तो लुकलुकण्याच्या गणतीवरून वाचता येतो. बॅटरी, फ्यूज, अर्थ, कपलर, प्लग इथपर्यंत घरी करा. ईसीयूच्या पिनांमध्ये टेस्ट लॅम्प घालू नका, तो ओढतो तेवढा करंट आतल्या सर्किटला झेपत नाही.

१२. गॅरेजला न्यायचीच वेळ आली तर

मॅग्नेटोचं कव्हर, स्टेटर बदलणं आणि ईसीयूचं स्कॅनिंग ही कामं बाहेर द्या. जाताना आकडे कागदावर लिहून न्या: बॅटरी बंद गाडीत किती, सेल्फ दाबल्यावर किती, रेसवर किती, पिकअप थंड किती, गरम किती, स्पार्क कधी गेला. 'गाडी चालू होत नाही' असं सांगण्याऐवजी 'सीडीआयपर्यंत १२.४ येतात, अर्थ ठीक आहे, पिकअप ओपन दाखवतंय' असं सांगितलंत की बोलणं लगेच वेगळ्या पातळीवर जातं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि घरी येऊन तोही मोजा. बॅटरी वॉरंटीत असेल तर ती डीलरकडेच न्या, शिक्का मारलेलं कार्ड आणि बिल दोन्ही लागतात, आणि तिथे ती आधी चार्ज करून, भार टाकून तपासतात, त्यामुळे दोन-तीन दिवस दुसऱ्या बॅटरीची सोय आधीच विचारून ठेवा.